अंबाजीच्या वाटेवर: धर्मशाळेची चटई आणि गेस्ट हाउसचा पलंग

"नवस फळलाच नाही, मग फेडायचा कसला?" माझा नवरा आपल्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आमच्या वन्संना विचारत होता. त्यांचे यजमान दवाखान्यात असताना त्यांनी अंबाजीला, अंबामातेच्या दर्शनाला चालत जायचा नवस केला होता. यजमान चैत्रात गेले. आणि आता भाद्रपद लागताच वन्सं म्हणाल्या, "फेडायला नाही, विचारायला जाणार आहे मी तिला." त्यांना एकटं कसं सोडायचं? मीही शाळेत रजा टाकली.

पहाटे वन्संच्या घरून, बडोद्याच्या वाडी भागातून निघालो, छाणी ओलांडून हायवेला लागलो. बडोद्याहून चालत जाणार असाल, तर बुटांपेक्षा जुन्या, रुळलेल्या चपला घाला आणि ऊन चढायच्या आत मुक्काम गाठा. जेवणाची चिंता नको. वाटेवर जागोजागी सेवा कॅम्प असतात. चहा, गाठिया, खिचडी-कढी, सगळं फुकट आणि आग्रहाने. "आवो बेन, पग लांबा करो," म्हणत बायका तळपायांना तेल चोळतात. हे सगळं वन्सं खाली मान घालून करून घेत. वासदला मही नदीच्या पुलावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांचा हात सोडला नाही.

खरा प्रश्न राहण्याचा. धर्मशाळा म्हणजे लांबलचक हॉल, जमिनीवर चटया, दोऱ्यांवर ओले कपडे आणि न्हाणीघरापुढे रांग. पाऊस थांबलेला, पण दमट उकाडा जीव काढत होता. नडियादच्या पुढच्या धर्मशाळेत दुपारी अंग टाकलं, तर माझ्या कानाशी कोणीतरी घोरतंय, पायाशी कोणाचं तरी पोर रडतंय. पलीकडे तिथल्याच चरोतर भागातली एक म्हातारी झोपेत वन्संच्या अंगावर हात टाकून पडली होती. मी तो हात उचलायला गेले.
"राहू दे गं," वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या.
थोड्या वेळाने त्या खरंच झोपल्या.

मला मात्र डुलकीही लागली नाही. पायाला फोड आले होते, डोकं भणभणत होतं. अहमदाबाद मागे टाकल्यावर मी हट्टच धरला: आज गेस्ट हाउस. असल्या ठिकाणी आधी फोन करून ठेवा, पौर्णिमा जवळ आली की पायी जाणाऱ्यांचे मोठे संघ सगळ्या खोल्या अडवतात. काउंटरवरच्या माणसाने आम्हाला न्याहाळलं, मागे कोणी पुरुष आहे का पाहिलं. "साथे कोई भाई नथी?"
"ना," वन्सं म्हणाल्या, "हवे नथी." आता नाही.
त्याने किल्ली पुढे सरकवली.

खोली छान होती. पांढरी चादर, पंखा, गरम पाणी. मी मनसोक्त अंघोळ केली. बाहेर आले तर वन्सं दाराशीच, खांद्यावरची पिशवीही न उतरवता उभ्या. समोर जोडपलंग, त्यावर शेजारी शेजारी दोन उशा.
"मीना, दार उघडं ठेवशील?"
"वन्सं, बाहेर पुरुषमाणसं आहेत."
त्या खाली फरशीवर बसल्या आणि रडू लागल्या. यजमान गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "घरी रोज हेच असतं गं," एवढंच कसंबसं म्हणाल्या. मी ओले केस बांधले. ऊन उतरायच्या आत आम्ही तिथून निघालो आणि पुढचे सगळे मुक्काम हॉलमध्ये केले.

दांता गावानंतरच्या घाटात "जय जय अंबे"चा गजर चालला होता. वन्सं नुसत्या चालत होत्या. देवळात रांगेने पुढे सरकवलं, कसंबसं दर्शन झालं.
बाहेर आल्यावर मी विचारलं, "बोललात तिच्याशी?"
"वेळच कुठे दिला?" त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

एस.टी.ने परत आलो. बडोद्यात रिक्षात बसताना मी म्हटलं, "वन्सं, आता वाडीला नको. मांजलपूरला आमच्याकडेच राहा. मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच आहे."
त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "म्हणजे मला वेगळी खोली देशील ना?"
मी "हो" म्हणणारच होते, पण गेस्ट हाउसच्या दाराशी उभ्या राहिलेल्या वन्सं आठवल्या. त्या वाडीच्या तोंडाशी उतरल्या आणि आपल्या पोळाच्या अरुंद गल्लीत चालू लागल्या.

धर्मशाळा की गेस्ट हाउस, असं मला आता मैत्रिणी विचारतात. पाय दुखत असतील तर गेस्ट हाउस, असं मी सांगते. मुलाच्या खोलीतला पलंग मी काढून टाकलाय, खाली दोन गाद्या घातल्यात. वन्सं अजून आलेल्या नाहीत.