संतरामसरांचा एकच इलाज

दोन हजार पाचच्या सुमारास हिंगोलीत कॉम्प्युटर बिघडला की लोक संतरामसरांना बोलवायचे. 'सर' ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली. बाळापूरच्या खात्यापित्या घरचा हा गडी डिप्लोमा अर्धा टाकून आला, नांदेडला कुठल्याशा क्लासात चार महिने बसला आणि सीडींचं पाकीट काखेत मारून शहरभर हिंडू लागला. तक्रार कुठलीही असो, खुर्चीत टेकायच्या आत निदान ठरलेलं. "व्हायरस हाय. पूरा क्लीन करना पडेगा." म्हणजे फॉर्मॅट, सगळं पुसून कोरं. सर्दी झाली म्हणून पाय कापणारा वैद्य लोकांनी हाकलून दिला असता. याला मात्र चहा मिळायचा, कारण पडद्यावरच्या इंग्रजीला सगळे भ्यायचे आणि त्या भीतीवरच याचं पोट चालायचं.

रत्नपाल शाळेत मास्तर. त्याची बायको ज्योती घरीच टायपिंगची कामं घ्यायची. खालच्या खोलीत तिचा जुना कॉम्प्युटर होता, वरच्या खोलीत नवा आणला, प्रिंटरही वर ठेवला आणि दोन्हींना वायरने जोडलं. पण खालून वरचा कॉम्प्युटर काही उघडेना. प्रिंट निघेना, फाइल वर जाईना.

ज्योतीला घाई वेगळ्याच गोष्टीची होती. तिचे सासरे पुंजाजी आणि सासू जनकाबाई भीमजयंतीला जोडीने गाणी म्हणायचे. जनकाबाई वारल्यावर त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. ज्योतीने ती खालच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि त्याच खेपेला टेप प्लेअरमध्ये गुंतून तुटली. आता एक नक्कल वर ठेवावी म्हणून तिची धडपड चालली होती.

संतरामसर आले. वायर हलवली, पडद्यावरच्या चार खिडक्या उघडल्या, बंद केल्या.

"गाण्याचं फोल्डर सांभाळा बरं," रत्नपाल म्हणाला.

"तुमी टेन्शन घेऊ नका मास्तर. मी बसलोय न्हं!"

आणि या महाभागाने डिस्कचे सगळे भाग पुसून नव्याने पाडले. गाणी गेली. ज्योतीने विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणाला, "त्याच्यातच व्हायरस होता, मॅडम. वाचलात समजा."

एवढं करूनही वरचा कॉम्प्युटर खालून काही दिसला नाही. माणसाला लाज असती तर गप बसला असता. हा जिन्याकडे निघाला. "आता वरचा पण फॉर्मॅट मारू."

ज्योती जिन्यात आडवी उभी राहिली. "काहून? खालचा मारून काय झालं?"

"तुमाला न्हाई समजायचं त्यातलं."

"तुमाला तरी कुठं समजून राहिलं? निघा तुमी."

रत्नपाल मधे पडायला गेला, तर तिने त्यालाही बस म्हणून सांगितलं. सर चहा पिऊन गेले. तेवढं मात्र विसरले नाहीत.

पुढचे काही दिवस ज्योती काम आटोपून वरच्या कॉम्प्युटरची मदतीची पानं शब्दकोश घेऊन वाचत बसायची. आधी तिने भलतंच काही बदललं, तर इंटरनेटच बंद पडलं. मग तिला फायरवॉल सापडली. नव्या कॉम्प्युटरात ती आधीपासून चालू असते आणि बाहेरून कुणी दार वाजवलं तर उघडत नाही. खालचा कॉम्प्युटर फायरवॉलच्या लेखी परकाच होता. ज्योतीने इंटरनेटची वायर काढली, फायरवॉल जराशी बंद करून पाहिली, आणि खालून वरचं फोल्डर झटकन उघडलं. मग तिने फायरवॉल पुन्हा चालू केली आणि फक्त फाइल नि प्रिंटर शेअरिंगला परवानगीची खूण केली. पहिली प्रिंट निघाली. ती कागद हातात धरून खाली आली आणि तिला रडू फुटलं. एवढीशी खूण! त्यासाठी त्या माणसाने सासूचा आवाज पुसला होता.

पुंजाजींनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, बाई. गाणी माह्या डोक्यात हायेत. लाव तुव्हं यंत्र."

ते गायले. जनकाबाईंच्या ओळी आल्या की थांबायचे, तेवढा वेळ जाऊ द्यायचे आणि पुढची ओळ उचलायचे. ज्योतीने त्या मोकळ्या जागा कापल्या नाहीत. ती फाइल तिने दोन्ही कॉम्प्युटरांवर ठेवली.

दोनेक वर्षांनी संतरामसरांनी नेटवर्किंगचा क्लास काढला आणि तिने घरचे कॉम्प्युटर स्वतः जोडल्याचं कानावर आल्यावर शिकवायला याल का म्हणून ज्योतीलाच विचारायला आले. गाण्यांची गोष्ट त्यांच्या ध्यानातही नव्हती. तिने आठवण करून दिली, तर हसून म्हणाले, "व्हतं कधीमधी, मॅडम. सगळ्यांकडनंच व्हतं."

ज्योतीने दारातूनच त्यांना परत पाठवलं. क्लास मात्र जोरात चालला. सरांनी अंगावर कोट चढवला, आणि दर वर्षी नवी पोरं त्यांच्यासमोर वह्या उघडून बसत राहिली.