सिस्टरांसाठी पडलेली मतं

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, नवरासुद्धा. तो अंथरुणाला खिळला आणि त्याचं करता करता त्यांनी इंटरनेटवर एक गट काढला, घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचा. आईच्या आजारपणात मी तिथे पोचले. तिथे लोक जे लिहीत, ते घरात बोलता येत नसे. कुणाला सख्ख्या आईची किळस येई. कुणी बापाची सुटका मागे, मग स्वतःचीच.

गट वाढला. एका सभासदाने, आम्ही त्याला इंजिनीअर म्हणायचो, सगळा कारभार टोकनवर, म्हणजे संगणकातल्या नाण्यांवर नेला. मालक कुणीच नाही. उपयोगी उत्तर दिलं की टोकन मिळे. जितकी टोकनं, तितकं मत. सिस्टर आपली टोकनं नवख्यांना वाटून टाकत. पुढे ती बाजारात विकत मिळू लागली. ज्यांनी कधी कुणाची चादर बदलली नव्हती, त्यांनी ती घाऊक घेतली.

मग ठराव आला: गटातलं सगळं लिखाण एका औषध कंपनीला विकायचं.

मतदानाच्या दुपारी मी सिस्टरांकडे होते. ठरावाच्या बाजूने एकूण टोकनांपैकी जवळजवळ निम्मी पडली होती. पण बाजूची आणि विरोधातली मिळून निम्मी भरली नाहीत, तर ठराव बारगळतो, असा नियम. म्हणून सिस्टरांनी सकाळीच सगळ्यांना कळवलं होतं: मत देऊ नका. विरोधातसुद्धा नाही. गप्प बसा.

"मला कधी गप्प बसू दिलं नाही, आता गावाला बसवतेय," आतून नवरा म्हणाला.

"तुम्ही आधी ते सूप संपवा."

मुदत संपत आली होती. पडद्यावरची मतांची पट्टी हलली. विरोधात एक मत. खाली लिहिलेलं: 'सिस्टरांसाठी.'

"अगं बाई, हा कोण शहाणा?" नाव बघून त्यांनी फोन लावला. "अरे, मत का दिलंस?"

"तुमच्याच बाजूने दिलं, सिस्टर! एवढं केलंत आमच्यासाठी, गप्प कसा बसू?"

तेवढ्यात आणखी एक. मग आणखी. एकाने दिलं म्हणून दुसऱ्याने. सगळी विरोधात, सगळी प्रेमाने. पट्टी निम्म्यावर पोचली. ओलांडून गेली. विरोध तरीही थोडाच होता. ठराव मंजूर झाला.

इंजिनीअरचा फोन आला. "सिस्टर, आता मीसुद्धा थांबवू शकत नाही. संध्याकाळी सगळं आपोआप कंपनीकडे जाईल."

"पुसता येतं का?"

"ज्याचं त्याला येतं. पण सगळ्यांनी पुसलं, तर गटात उरणार काय?"

"ठेव फोन. मला लाइन हवीय."

त्यांनी गटावर एकच शब्द लिहिला: पुसा. मग एकेकाला फोन सुरू केले.

"ताई, बाबांबद्दलचं काढून टाक. हो, आत्ता. रडायचं नंतर."

इतकी वर्षं उभं केलेलं त्या स्वतःच्या हाताने रिकामं करत होत्या.

आतून हाक आली. "सिस्टर, माझ्याबद्दल काय काय लिहिलंयस?"

त्यांचा हात थांबला. "बरंच."

"एकदा वाचून दाखव. मग पूस."

"वेळ नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःचं सगळं पुसलं आणि पुढचा नंबर लावला.