चिवटीची छाटणी

सलूनवाल्याचं दुकान पुढे आणि बिऱ्हाड मागे. मागच्या दाराच्या पायरीशी, एका फुटक्या घमेल्यात, त्याच्या बायकोनं झाड लावलं होतं. वीतभर उंची, बटणाएवढी जांभळी फुलं. थंडीत पार वाळून जायचं, तरी दरसाल त्याच मुळांतून पुन्हा फुटायचं. तिनं त्याचं नाव चिवटी ठेवलं होतं. "माझ्यावर गेलीय," म्हणायची.

आणि हीच चिवट बाई अंथरुणाला खिळली. आता उठायची नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

"चिवटी फुललीय ना?" ती रोज विचारायची. सलूनवाला पाणी घालायचा, घमेलं उन्हात सरकवायचा, पण फुलांना हात म्हणून लावायचा नाही. तिच्या हातची ती, कशी तोडायची? फुलं जागच्या जागी वाळली, बोंडं धरली आणि नवी कळी येईनाशी झाली.

"छान फुललीय गं," तो सांगायचा.

"मग एक फूल आणा की. देवाजवळ ठेवू."

आता आली पंचाईत. मान खाली घालून त्यानं घमेलंच उचलून आणलं. ती बघत राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"अहो, वाळलेली खुडायची असतात! बोंड धरलं की झाड म्हणतं, झालं माझं काम. जन्मभर गावाची डोकी भादरलीत, आणि माझ्या चिवटीच्याच जटा वाढवल्यात?"

"कापू?"

"कापा. चार बोटं ठेवा. येतील परत."

"कधी?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तिला कसली घाई?"

त्यानं दुकानातली कात्री आणली. गिऱ्हाइकाच्या कानाशी धरावी तशी ती जपून पहिल्या बोंडाशी धरली. "मागून जरा बारीक," ती गिऱ्हाइकाच्या थाटात म्हणाली.

मग तो खरं तेच सांगू लागला. आज पालवी, आज मुगाएवढी कळी. कळीवरून तिनं बोट फिरवलं. पण कळी उमलायच्या आत ती गेली.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी मागून, सोबतीला राहिलेल्या मेव्हणीची हाक आली, "भाऊजी, फुलं आलीत!" गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून तो धावला. तीन फुलं होती. एक खुडून त्यानं देवाजवळ ठेवलं, हात जोडले. मागायचं काय, ते सुचेना.

"उस्ताद, साबण सुकला!"

"आलो."

उरलेली दोन वाळली त्या सकाळी दारात गिऱ्हाईक उभं होतं. "बसा जरा," म्हणत सलूनवाला कात्री घेऊन मागच्या पायरीवर गेला.