अल्टरनेटरचं लोकार्पण

भर दुपारी ट्रॅक्टरच्या मागे दोर बांधून जीप माझ्या गॅरेजसमोर आली, तेव्हा तिच्या टपावरचा बोर्ड मिणमिणत होता. हेडलाइट मेले होते, हॉर्न मेला होता, स्टार्टर नुसता 'टक्' म्हणत होता. दात्यांची नावं मात्र अजून वाचता येत होती.

चंद्रपुरात मूल रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. डिप्लोमा करून काही वर्षं कोळसा खाणीत डंपरच्या वायरिंगशी झटलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. ही जीप गडचिरोलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्याची. जुनी, डिझेल, फोर-बाय-फोर. म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर लावता येतो अशी. दर बुधवारी ती नाल्यापलीकडच्या गावांत औषधं घेऊन जाते. तिथे दुसरी गाडी जात नाही. गेली तर तिला आणायला हीच जीप पाठवावी लागते.

ड्रायव्हर दिवाकर उतरला. त्याच्या मागून मडावी सिस्टर उतरल्या. दवाखान्याची ही फेरी त्याच सांभाळतात.

"बॅटरी पुन्हा गेली जी," दिवाकर म्हणाला.

"कितवी?"

"तिसरी."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीवर चकचकीत स्टिकर होतं. कोणाच्या तरी तीर्थरूपांच्या स्मरणार्थ ती भेट मिळाली होती. आता तिच्याही स्मरणार्थ काहीतरी द्यावं लागणार होतं.

"भाऊ, बॅटरीचं सोडा," सिस्टर म्हणाल्या. "गाडीतला फ्रीज बंद पडला न! इन्सुलिन होतं, कुत्र्याच्या सुया होत्या, सारं फेकून द्या लागलं. पलीकडं एक पोरगी आहे, कुत्रं चावलेली. पुढच्या बुधवारी तिची शेवटची सुई. दवाखान्यात आता एकच बाटली राह्यली. तेही गरम झाली तर मी काय टोचू तिले, पाणी?"

"गाडी होईल नीट."

"व्हाच लागते. सचिवसाहेब म्हणून राह्यले, आता एकदा जरी बंद पडली तर फेरीच बंद. नवी गाडी कोणी दान देईन तवा पाहू म्हणते. मंग ते लोक कुठी जातीन?"

मी बॅटरी बाहेरून चार्ज केली, इंजिन सुरू केलं आणि क्लॅम्प मीटर काढला. हे चिमट्यासारखं यंत्र वायरीला धरलं की तिच्यातून किती करंट वाहतो ते कळतं. एकेक गोष्ट लावत गेलो. औषधांचा फ्रीज पाच ॲम्पिअर. हेडलाइट दहा. टपावरची झगझगीत लाइटची पट्टी पंधरा, तीही भेटच. आणि दात्यांच्या नावांचा तो बोर्ड, आत डझनभर बल्ब, दहा. रुग्णांसाठीच्या फ्रीजच्या दुप्पट वीज दात्यांच्या नावांना लागत होती.

"बोर्डाचं बटन कुठे आहे?"

"बटन नाई," दिवाकर म्हणाला. "चाबी फिरवली का लागते. बंद राह्यला तर दात्याचा अपमान होते म्हणते."

"आणि नवा दाता आला की?"

"खाली एक लाइन वाढते. दोन बल्ब वाढते."

इथे थोडं समजावून सांगतो. बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. गाडीत वीज तयार करतो अल्टरनेटर. आमच्याकडचे जुने मिस्त्री त्याला अजून डायनामा म्हणतात. इंजिनवर फिरणारा फॅन बेल्ट त्याला फिरवतो. या जीपचा अल्टरनेटर पस्तीस ॲम्पिअरचा होता, तोही इंजिन जोरात फिरत असेल तर. जंगलातल्या रस्त्यावर जीप बैलगाडीच्या वेगाने चालते. इंजिन हळू, म्हणून अल्टरनेटर हळू. पस्तीसचे वीस होतात. खर्च चाळीसचा आणि कमाई विसाची असेल तर मधला फरक बॅटरी भरते. भरून भरून मरते. मग कोणीतरी हळहळून नवी बॅटरी दान करतं.

मी दवाखान्याच्या सचिवांना फोन लावला. ते निवृत्त प्राध्यापक. साधा 'हॅलो'सुद्धा अध्यक्षीय समारोपासारखा म्हणतात.

"सर, बॅटरी बदलून उपयोग नाही. अल्टरनेटर मोठा टाकावा लागेल."

"तो दिसतो का?"

"काय?"

"म्हणजे बाहेरून दृष्टीस पडतो का?"

"नाही. बॉनेटच्या आत, इंजिनच्या कडेला, खालच्या अंगाला असतो."

"हीच तर अडचण आहे. काही दृश्य स्वरूपाचं असेल, तर दाता लगेच पुढे येतो. अदृश्याला देणगी कोण देणार?"

अदृश्यालाच लोक सगळ्यात जास्त देतात, असं ओठांवर आलं होतं. पण सर एका देवस्थानच्या ट्रस्टवरही होते, म्हणून गिळलं.

"मग निदान तो बोर्ड काढा."

"ते अशक्य आहे. त्यापेक्षा टपावर एखादा सर्चलाइट..."

"सर," मी चिडून म्हणालो, "मग अल्टरनेटरचंच लोकार्पण करा. बॉनेट उघडा, फीत कापा, भाषणं करा!"

मला वाटलं, रागावले.

"कल्पना उत्तम आहे," सर म्हणाले. "बुधवारीच घेऊ. गाडी तशीही निघणारच आहे."

टोमणा ऐकणाऱ्याला कळला नाही की त्याचा ठराव होतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

दाता मिळाला. मूल गावाकडचे राईस मिलवाले बंडूशेठ. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः अल्टरनेटर घेऊन गॅरेजवर हजर. दोन माणसांनी तो गाडीतून उतरवला.

"याच्यापेक्षा मोठा भेटला नाई," शेठ म्हणाले.

"शेठ, हा ट्रकचा आहे. चोवीस व्होल्टचा. ही जीप बारा व्होल्टची."

"मंग अर्धाच चालवा न!"

मी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या पेल्यापर्यंत ते बारा व्होल्टच्या, नव्वद ॲम्पिअरच्या अल्टरनेटरवर राजी झाले. तो ट्रकवाल्यापेक्षा लहान दिसतो याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. त्यावर नावाची पाटी ठोकायला मी नकार दिला. तेव्हा टपावरच्या बोर्डावर एक लाइन वाढवायचं ठरलं. म्हणजे गाडीला वीज कमी पडते म्हणून दिलेल्या दानामुळे गाडीचा विजेचा खर्च आणखी वाढला. मी तोही हिशेबात धरला.

मोठा अल्टरनेटर म्हणजे नुसता जुना काढून नवा लावणं नव्हे. करंट वाढला की जुनी बारीक वायर तापते, वितळते, कधी पेटतेही. म्हणून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला. अर्थिंगची गंजलेली पट्टी बदलली. फॅन बेल्ट जुना, गुळगुळीत झालेला होता. नव्वदचा अल्टरनेटर फिरवताना तो नक्की घसरला असता. त्याच्या जागी नवा टाकला आणि तसाच एक माझ्या बॅगेत ठेवला. आणखी एक भानगड होती. या जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या काट्याच्या मीटरमधून फिरून जातो. तीस ॲम्पिअरच्या त्या मीटरमधून नव्वद सोडले असते तर डॅशबोर्डावरच शेकोटी पेटली असती. मी मीटर वगळला आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर लावला.

दिवाकरला हे आवडलं नाही.

"काटा हलत नाई जी. मले गाडी मेल्यासारखी वाटते."

"आकडा बघ. चौदाच्या आसपास दिसला तर गाडी जिवंत."

"आकड्यात काय मजा आहे?"

फ्रीज, हेडलाइट, लाइटची पट्टी, वाढलेल्या लाइनीसकट बोर्ड, सगळं लावून मी इंजिन अगदी हळू चालू ठेवलं. मीटर चौदाच्या खाली फारसा उतरला नाही. संध्याकाळपर्यंत तसंच चालू दिलं. फ्रीज गार होता. काम झालं होतं.

बुधवारी दवाखान्याच्या अंगणात मांडव. त्याखाली जीप, बॉनेट उघडं, अल्टरनेटरला तांबडी फीत. खुर्च्यांवर गावातले मानकरी बसलेले आणि जिथे बघायला सांगितलं होतं तिथे बघत होते. त्यांना रेडिएटर दिसत होता. ते त्याच्याकडेच आदराने पाहत होते.

सचिवांनी भाषण केलं. अल्टरनेटर समाजातही असतो, अंधारात राबतो, इतरांना प्रकाश देतो वगैरे. ऊन चढत होतं. सिस्टर जीपच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. बाटली त्यांनी बर्फाच्या डब्यात धरून ठेवली होती, कारण गाडी सुरू झाल्याशिवाय फ्रीज लावायचा नाही, असं मीच बजावलं होतं.

"भाऊ, आणखी किती जण बोलतीन?"

"शेठ एकटेच उरलेत."

"बर्फ चालला न!"

शेठ चांगले निघाले. एवढंच म्हणाले, "मले बोलता येत नाई. गाडी चालू द्या, बस." टाळ्या पडल्या. त्यांनी फीत कापली. कोणीतरी पुढे होऊन झेंडूचा लठ्ठ हार त्यांच्या हातात दिला. तो त्यांना घालण्यासाठी आणला होता, पण शेठ भावनेच्या भरात होते. त्यांनी तो वाकून अल्टरनेटरला घातला, नमस्कार केला आणि मागे वळून ओरडले, "दिवाकर, चालू कर!"

"थांब!" मी ओरडलो. पण दिवाकर देणगीदाराचं ऐकणारा माणूस.

इंजिन सुरू झालं. बेल्टने हार ओढून घेतला, पंख्याने तो कुस्करला आणि उघड्या बॉनेटमधून झेंडूच्या पाकळ्या कारंज्यासारख्या वर उडाल्या. सचिवांवर पडल्या, शेठवर पडल्या, पहिल्या रांगेवर पडल्या. मग मांडवभर टाळ्या.

"पुष्पवृष्टी!" सचिव माइकवर म्हणाले.

मी धावत दिवाकरच्या दाराशी पोचलो, तर डॅशबोर्डवर चार्जिंग बंद झाल्याचा लाल दिवा पेटला होता. बेल्ट उडाला होता. त्याच बेल्टवर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही चालतो. तशीच गाडी काढली असती तर नाल्याच्या आधीच इंजिन जळालं असतं.

"बंद कर! बंद!"

टाळ्या थांबल्या. सिस्टर डबा घेऊन पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बंद पडली न, भाऊ? आता सर फेरी बंद करतीन."

"गाडी चालेल. पंधरा-वीस मिनिटं द्या."

हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला होता. दोरा पुलीच्या, म्हणजे बेल्टच्या चाकाच्या, मागे घट्ट गुंडाळला गेला होता. मी ब्लेडने तो तुकड्या-तुकड्याने कापायला लागलो. शेठ शेजारी येऊन वाकले.

"डायनामा खराब निघाला का जी?"

"डायनामा चांगला आहे. हार मजबूत निघाला."

सचिवही आले. कपाळाला पाकळी चिकटलेली. हळूच म्हणाले, "म्हणजे गाडी बंद पडली म्हणायची. मी सिस्टरना आधीच सांगितलं होतं की यापुढे..."

"सर," मी बॅगेतला दुसरा बेल्ट पुलीवर चढवत विचारलं, "वार्षिक अहवालात काय लिहायचं ते ठरवून घ्या. शेठनी दिलेला अल्टरनेटर लोकार्पणातच बंद पडला असं लिहायचं, की पुष्पवृष्टी झाली असं?"

सरांनी शेठकडे पाहिलं. शेठ पाकळ्या झटकत फोटोग्राफरला विचारत होते, उडालेली फुलं आली का फोटोत.

"पुष्पवृष्टी झाली," सर ठामपणे म्हणाले. "गाडी बंद पडली असं कोण म्हणालं?"

"सिस्टर, ऐकलं ना?" मी म्हणालो.

"ऐकलं जी. साऱ्यायनं ऐकलं."

नवा बेल्ट ताणला, नट आवळले. या वेळी चावी मी फिरवली. व्होल्टमीटर चौदावर गेला. सिस्टरनी बाटली फ्रीजमध्ये ठेवली, दार दोनदा ओढून बघितलं आणि जीप धुरळा उडवत निघाली. भर उन्हात बोर्डावर शेठचं नाव झळकत होतं.

संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. "सुई झाली. पोरगी लय बोंबलली. फ्रीज थंडगार आहे."

"सरांना सांगितलं?"

"सांगितलं. ते फोटो मागून राह्यले. मी म्हटलं, पोरीनं लाथ मारली, मोबाइल खाली पडला."

फेरी अजून चालू आहे. बॅटरी एकदाही बदललेली नाही, त्यामुळे स्मरणार्थ काही देऊ इच्छिणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली आहे. मध्यंतरी एका गृहस्थाने जीपला नव्या सीट देऊ केल्या. त्यांनी सचिवांमार्फत मला विचारलं की फुलं उडवण्याचं ते मशीन सीटखाली बसवता येईल का.

मोठा अल्टरनेटर बसवताना वायर जाड घ्या, अर्थिंग नवी टाका, बेल्ट ताणून बघा. एवढं कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. माझी त्यात एकच भर आहे. समारंभ संपेपर्यंत गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवा.