माळटेकची पहिली निवडणूक

माळटेकला धरणाच्या पाण्यानं चारी बाजूंनी वेढलं तेव्हा इंद्रभान शाळेत होता. गावाचं बेट झालं. त्याच्या बहिणीची, सुचिताची शाळा सातवीतच सुटली. पोरीला रोज होडीतून कोण पाठवणार? आता त्याची स्वतःची मुलगी सातवीत होती. त्याला पूल हवा होता.

पलीकडच्या मोठ्या ग्रामपंचायतीत माळटेकचं कोणी ऐकत नसे. गावाला स्वतःची ग्रामपंचायत मिळावी म्हणून इंद्रभाननं बुलढाण्याच्या चकरा मारल्या. शेत बायकोवर टाकून मारल्या. अखेर गाव वेगळं झालं आणि पहिली निवडणूक लागली.

सरपंचपदाला दोनच अर्ज आले. एक इंद्रभानचा, दुसरा होडीवाल्या पुंजाजीचा. गाव खंडोबाच्या ओट्यावर बसलं. भांडण नको, इंद्रभान बिनविरोध, असं ठरलं. देवापुढचा बेल आणि हळद हातात घेऊन सगळ्यांनी शब्द दिला. पुंजाजीनंही बेलभंडारा उचलला.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी संध्याकाळी तो हात हलवत आला.

"होडीचं इंजिन बंद पडलं. तहसीलची वेळ निघून गेली."

"म्हणजे तुमचं नाव राह्यलं, काका?" इंद्रभाननं विचारलं.

"राह्यलं तं राह्यलं. गावानं बेलभंडारा उचलला ना? मले कोन मत देते बे?"

लोक हसले. इंद्रभानही हसला.

मतदानाच्या दिवसात कापूस फुटला होता. "आपलं तं ठरेलच हाय," म्हणत गाव सकाळीच पलीकडे वेचणीला गेलं. पुंजाजीनं त्या दिवशी भाडं घेतलं नाही. त्याची भावकी तेवढी गावात राहिली.

दुपार कलली तसा इंद्रभान काठावर उभा राहून हाका मारू लागला. होडी समोरच्या काठाला होती. ती मतदान संपल्यावर आली.

इंद्रभान निवडणुकीत पडला.

"देवापुढं शब्द देला होता बापू," म्हातारी गोजरबाई रडत म्हणाली. "त्याच्यावर अजून मत काऊन द्या लागते, असं वाटलं."

ती खोटं बोलत नव्हती. त्याला चिडताही येईना.

पहिल्या ग्रामसभेत पुंजाजीनं ठराव मांडला. पूल होईल तेव्हा होईल, सध्या नवी मोठी होडी मागू. अनुमोदनाला कोणी हात वर करेना. सगळे इंद्रभानकडे पाहत होते. जुन्या होडीत पाणी शिरत होतं. आठवीची शाळा पलीकडे होती.

त्यानं हात वर केला.

"लिहा," पुंजाजी ग्रामसेवकाला म्हणाला. "अनुमोदक, इंद्रभान."