कागदावरची थोरली

आमच्या आश्रमशाळेत जवळजवळ सगळ्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला, आणि तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असायची. त्यामुळे चॉकलेटं वाटायचा प्रश्नच नव्हता. पहिलीत घालायला पोर आणलं की मुख्याध्यापक त्याला उभं करून बघायचे, पुढचे दात पडलेत का ते बघायचे, आणि सहा वर्षं मागं जाऊन एक जून लिहून टाकायचे. आईबापांची काही हरकत नसायची. आमच्या पाड्यात जन्माची तारीख कुणी ठेवत नव्हतं. कोण भाताच्या आवणीत झालं, कोण होळीच्या आधी झालं, एवढं लक्षात असायचं आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागायचं.

माझं आणि माझ्या बहिणीचं भागलं नाही. आम्ही जुळ्या. सूर्यमाळच्या बाजूच्या आमच्या पाड्यावर, नाचणी कापायच्या दिवसांत, एकाच दुपारी झालो. आधी ती, मागून मी. तरी कागदावर मी तिच्याहून बरोबर एक वर्षानं मोठी आहे. ती अजून फुटबॉल खेळते, पगार घेऊन खेळते, म्हणून इथं मी कुणाचंच नाव लिहीत नाही.

झालं असं, की आम्ही शाळेत जायच्या वयाच्या झालो तेव्हा घरात भाऊ तान्हा होता. दिवाळीनंतर आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, आणि तिथं त्याला सांभाळायला एक पोरगी हवी होती. मी रडकी आणि अंगानं बारीक, मला तो उचलवत नव्हता. ती दणकट. म्हणून त्या जूनमध्ये मला शाळेत टाकलं आणि तिला ठेवून घेतलं. पुढच्या जूनपर्यंत भाऊ पळायला लागला, तेव्हा तिला आणलं. मुख्याध्यापकांनी तिच्याकडे बघितलं, दात बघितले, आणि सहा वर्षं मागं गेले. वर्षभरापूर्वी हेच त्यांनी माझ्या बाबतीत केलं होतं, पण एवढ्या पोरांमध्ये त्यांच्या कुठून लक्षात राहणार? वडिलांनी अंगठा दिला. कुणी फसवलं नाही, कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. या सगळ्यात रागवायचं कुणावर, हे मला अजून सापडलेलं नाही, आणि रागवायची मला हौस आहे.

जुळ्या असून एक सहावीत आणि एक सातवीत, यावर शाळा खूप हसायची. त्यात आमचे चेहरेही वेगळे. ती वडिलांसारखी उंच, मी आईसारखी बुटकी. नवीन आलेल्या शिक्षकांना सांगितलं तरी खरं वाटायचं नाही.

फुटबॉल घाटावरून आलेल्या आमच्या क्रीडाशिक्षकांनी आणला. त्याआधी आम्ही कबड्डी, खो-खो खेळायचो. शाळेपुढचं मैदान एका अंगाला उतरतं होतं आणि त्याच्या पुढं ओहोळ. चेंडू तिकडं गेला की खाली उतरून आणावा लागे. त्या बाजूला मी खेळायचे. बहीण पुढं, गोलाच्या तोंडाशी. मी चेंडू काढून द्यायचा आणि तिनं मारायचा, हे आम्ही कधी ठरवलं नाही. ती कुठं पळणार हे मला तिच्या आधी कळायचं, आणि कळलं नाही तर ती मैदानातच मला शिव्या द्यायची. सर म्हणायचे, तुमची भांडणं झाली की आपण जिंकतो. त्या उतरत्या मैदानावर मी जेवढी सुखात होते तेवढी नंतर कुठंच झाले नाही. हे मी पुष्कळदा तपासून बघितलं आहे.

मग पालघरला निवड चाचणी लागली. एका मोठ्या क्लबची मुलींची अकादमी होती, दुसऱ्या राज्यात. तिथंच राहायचं, शिकायचं, खेळायचं, आणि वय झालं की क्लबशी करार करून व्यावसायिक खेळाडू व्हायचं. वयाची अट होती: एका ठरावीक एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच चालतील. माझा एक जून त्या जानेवारीच्या आधी पडत होता, तिचा नंतर. सरांनी ते वाचलं होतं. तरी त्यांनी मला गाडीत बसवलं. म्हणाले, ‘‘एकदा खेळ बघू दे त्यांना, मग बोलू.’’

खेळ त्यांनी बघितला. सकाळभर आम्ही खेळलो, आणि दुपारी ज्यांची नावं पुकारली त्यांत आम्ही दोघी होतो. मग कागद तपासायचं टेबल आलं. तिथल्या मॅडमनी माझा दाखला बघितला आणि बाजूला ठेवला. ‘‘हिचं वय बसत नाही, सर.’’

सर पुढं झाले. ‘‘मॅडम, तसं नाहीये. या दोघी...’’ आणि ते थांबले. ते का थांबले हे मला त्याच क्षणी कळलं. जुळ्या म्हटलं की एक जन्म आणि दोन वर्षं, म्हणजे दोन्हीतला एक तरी दाखला खोटा. खोट्या दाखल्याला त्यांच्याकडं माफी नव्हती. मुलीला परत पाठवायचे आणि पुन्हा दारात उभं करायचे नाहीत.

‘‘या दोघी काय?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘सख्ख्या बहिणी,’’ मी म्हणाले. ‘‘मी मोठी.’’

मोठं मन वगैरे काही नव्हतं. माझं तर गेलंच होतं. तिचं राहत होतं, आणि ती शेजारी उभी राहून माझ्या टी-शर्टचं टोक पिळत होती. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, की मोठ्या मुली लहानांच्या गटात घुसवल्या की लहानांची जागा जाते, म्हणून हा नियम आहे. नियम मला तेव्हाही पटला आणि आजही पटतो. तो माझ्याच नशिबी का आला, तेवढं पटत नाही.

परतीच्या एसटीत बहीण माझ्या शेजारी बसली. जव्हारच्या स्टँडवर सरांनी वडापाव घेतला, तो तिनं तसाच हातात धरला आणि म्हणाली, ‘‘मी नाय जात.’’

‘‘नाय गेलीस तं मी बोलली ता फुकट जाल,’’ मी म्हणाले, आणि तिचा वडापाव मीच खाल्ला. भूक लागली होती.

ती गेली. काही महिन्यांनी तिकडं त्यांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाताच्या हाडांवरून वय बघायची तपासणी असते ती. कागदावर कितीही कमी लिहिलं तरी हाड बोलतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात तेव्हा फोन माझ्या मामाचा एकच, त्यावर ती रडत रडत बोलत होती. मला वाटलं, संपलं. तर ती म्हणाली, पास झाले, वय बरोबर आहे. आई देवाला नारळ फोडायला निघाली. मी अंगणात बसून राहिले, कारण मला त्याचा दुसरा अर्थ लागला होता. तिचं वय बरोबर असेल तर माझंच चुकलेलं आहे. म्हणजे मीही त्या अटीत बसत होते. माझं मनगट कुणी बघितलंच नाही.

हे मी बहिणीला कधी बोलले नाही. तिलाही कळलं असणार, ती काही बावळट नाही. आम्ही दोघी त्याच्या बाजूनं वळसा घालून बोलायला शिकलो.

पुढं सरांची बदली झाली आणि शाळेचा संघही गेला. मला कागदावर अठरा आधी पूर्ण झाली, म्हणून वनरक्षकाच्या भरतीला मी लवकर बसू शकले. धावायच्या चाचणीत मी पहिल्या काही पोरींत आले. फुटबॉलनं मला दिलं ते एवढंच, पण नोकरी दिली, तर तक्रार कशाची करायची? आता मोखाड्याच्या जंगलात माझं बीट आहे. दिवसभर चालते. कधी एखाद्या मोकळ्या माळावर आले की उगाच धावून घेते, बुटांनी गोटा ढकलत. कुणी गुराखी बघत असला की थांबते आणि वणव्याची पाहणी करायला लागते.

ती तिकडं कागदावर अजून लहान होती. पहिल्या करारावर पालक म्हणून वडिलांना नेऊन अंगठा घेतला. वडील परत आले ते क्लबची टोपी घालून. ती टोपी घालून ते नांगरायचे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये क्लबची माणसं कॅमेरा घेऊन आमच्या पाड्यावर आली. खेळाडू कुठून आली याचा व्हिडिओ करायचा होता. बहीणही सोबत होती, आणि एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच सलग दोन-चार दिवस घरी राहणार होती. येण्याआधी तिनं फोन करून बजावलं होतं, जुळ्याचं कुणी बोलू नका, अजून कागद उघडतील. मी घरोघर जाऊन सांगून आले. आईला ते पचेना. ‘‘मीच जनलंय ना? मंग खोटा कशाला बोलाचा?’’ तरी ती गप्प बसायला तयार झाली.

त्या लोकांना हंडे हवे होते. आमच्याकडं एप्रिलात पाण्याचे हाल असतात हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. रोज पाणी मी आणते, पण हंडा बहिणीच्या डोक्यावर दिला आणि तिला विहिरीपासून चालवत आणलं. तिची मान आता त्या कामाची राहिली नव्हती. निम्मं पाणी खांद्यावर सांडलं आणि ते त्यांना फारच आवडलं.

मग त्यांना म्हातारं माणूस हवं झालं. सगळ्या पाड्याला मी सांगितलं होतं, पण आम्हा दोघींना जन्माला घालणारी सुईण, शेजारची आजी, हिला सांगून उपयोग नव्हता. तिला ऐकू कमी येतं आणि ऐकू आलं तरी ती ऐकत नाही. ती आपणहून येऊन कॅमेऱ्यापुढं बसली. बोलली आमच्या बोलीत, मोठ्यानं, भराभर. ‘‘एकाच दिसाला दोन पोरी झाल्या गं. पयली ही लांबडी, मंगशी ती बारकी. बारकी रडतच नव्हती, ही रडली तवा ती रडली. मीच नाळ कापली दोघींची.’’ आणि तिनं कॅमेऱ्यापुढं दोन बोटं धरली.

कॅमेरावाला हिंदीवाला होता. त्यानं मला विचारलं, ‘‘दो? क्या दो?’’

बहीण माझ्यासमोर उभी होती, ओल्या खांद्यानं. मी म्हणाले, ‘‘बोल रही है, इसके जनम के टाइम माँ को दो दिन तकलीफ हुई.’’ त्यानं मान हलवली. आजी खूश होऊन उठली. मी रडत नव्हते आणि बहीण रडली तेव्हा मी रडले, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं, तिला तेव्हा शुद्ध कुठली असणार.

आजी गेल्या पावसाळ्यात वारली. व्हिडिओ मात्र मोबाइलवर आहे, कुणीही बघावा. आजी स्वच्छ खरं बोलते आहे, दोन बोटं धरून, आणि तिच्या तोंडाखाली इंग्रजी अक्षरांत माझं खोटं सरकत जातं. बीटवर रेंज आली की मी तो लावते. हंड्याचं पुढं सारते, क्लबचं पुढं सारते, फक्त आजीपाशी थांबते. डोळे मिटून ऐकलं की खालचं वाचावं लागत नाही. त्या वेळेपुरती मी पुन्हा बहिणीच्या मागून, तिच्याच दुपारी झालेली असते.

क्लबच्या पाहुण्यांसमोर तेव्हा बहिणीनं मला ताई म्हटलं होतं. म्हणावंच लागणार होतं. प्रत्येक वेळी म्हणताना तिच्या ओठांचा कोपरा हलायचा, आणि माझाही. दोघी एकमेकींकडं बघायचंच टाळत होतो, हसू फुटेल म्हणून.

परवा तिचा फोन आला. सामना जिंकून खोलीवर आली होती, गोल तिचा नव्हता पण चेंडू तिनं काढून दिला होता. खोलीत एकटीच होती, सोबतची मुलगी गावाला गेली असं तिनंच सांगितलं. मग म्हणाली, ‘‘बाकी तू बोल, ताई.’’

मी थांबले. म्हटलं, आता हसेल. ती हसली नाही. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं विचारलं, जेवलीस का?

‘‘जेवली,’’ मी म्हणाले. ‘‘तू जेव आता.’’