अर्ध्या ओढणीवर थांबलेलं मशीन

नसरीनने शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ओरडायला लागला. एक लांब बीप. जरा थांबला, पुन्हा तसाच बीप. पडदा काळा. आतला पंखा तेवढा गरगरत होता.

मांडवीला माझं भरतकामाचं दुकान आहे. पूर्वी पायाच्या मशीनवर काम करायचे, आता कॉम्प्युटरवर होतं. डिझाइन कॉम्प्युटरमध्ये असतं आणि तो वायरीवरून मशीनला एकेक टाका सांगतो. नवी मशीनं पेनड्राइव्ह घेतात. माझं जुनं आहे, ते घेत नाही. कॉम्प्युटर गप्प, तर मशीन गप्प.

मशीनवर त्या वेळी निकाहची ओढणी होती. माझी मैत्रीण फरीदा, तिच्या लेकीची. एका टोकाची जरीची वेल पुरी झालेली, दुसऱ्या टोकाची अर्धी. निकाह दुसऱ्या दिवशी. कापड ताणून धरणारी फ्रेम सोडली असती, तर वेल पुन्हा त्याच जागी जुळली नसती.

काम चालू असताना कॉम्प्युटर अडकला, म्हणून सकाळी मी नसरीनला बोलावलं होतं. ती मिरकरवाड्यात राहते आणि कॉम्प्युटर दुरुस्त करते. हार्ड डिस्क, म्हणजे सगळं साठवायची पेटी, मरायला टेकली होती. नसरीनने नवी बसवली, जुनीतलं सगळं नवीत आणलं, चालू करून दाखवलं. मग बंद करून झाकण लावायला घेतलं, तर एक स्क्रू गंजलेला. नवा आणायला ती बाजारात गेली. परत येऊन झाकण लावलं, आणि हे असं.

फरीदा स्टुलावर बसून होती. ती उसळली. "मगाशी चालत होता ना? तूच बिघडवलास!"

"असेल," नसरीन म्हणाली. "म्हणून आधी माझंच काम तपासते."

दुकानात आजवर बरेच मेकॅनिक येऊन गेले. त्यांचं पहिलं वाक्य 'मी काय नाय केलं' हेच असतं. हिचं ऐकून मी खुर्ची ओढून बसले.

तिने नवी डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला लावली. वेलीचं डिझाइन उघडलं. मग डिस्कशिवाय कॉम्प्युटर चालू केला. बीप तसाच.

"डिस्क बरी आहे, मावशी. हा आवाज रॅमचा."

रॅम म्हणजे काय ते मी विचारलं. ती म्हणाली, "कापायला घेतलेलं कापड तुम्ही कशावर पसरता? टेबलावर. कॉम्प्युटरचं टेबल ती रॅम. टेबल नसेल तर तो कामालाच बसत नाही."

"मग बदल पटापट सगळं!" फरीदा ओरडली.

"सगळं बदललं तर काय बिघडलं होतं ते कळणार नाही. आणि उद्या पुन्हा बंद पडेल."

हे मला पटलं. टाका सैल पडला तर मीही एकाच वेळी दोन स्क्रू पिळत नाही.

तिने रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. ते चकचकत होते, जरा जास्तच. तिने बोट फिरवलं, वास घेतला. "मावशी, हे ग्रीस."

माझा कारागीर दाऊदभाई मशीनमागून म्हणाला, "मी लावलं."

दाऊदभाईने उमेदीची वर्षं बोटीवर इंजिन सांभाळलं. खाऱ्या हवेत बोटीच्या बॅटरीला ग्रीस लावावंच लागतं, नाहीतर गंज खातो. नसरीन स्क्रू आणायला गेली तेव्हा त्याला कॉम्प्युटरचा डबा उघडा दिसला. त्याने रॅम काढून मायेने दातांना ग्रीस चोपडलं, पट्ट्या बसतात त्या खाचांतही भरलं आणि पट्ट्या होत्या तशा बसवल्या.

"बोटीवर कधी कोणाची तक्रार नाय आली," तो म्हणाला.

"बोटीला निकाहाला जायचं नव्हतं!" फरीदा म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. नसरीन आधी बोलली. "चाचा, गंजाचं तुमचं बरोबर आहे. पण हे दात खाचेतल्या दातांना थेट लागले पाहिजेत. मध्ये एवढं जाड ग्रीस आलं की वीज अडते."

मग स्पिरिट आणि बारीक ब्रश घेऊन बसली. पट्ट्या लगेच पुसून झाल्या, खाचांना वेळ लागला. वाळवून एक पट्टी पहिल्या खाचेत घातली. बीप. फरीदा डोक्यावर पदर ओढून दुवा पुटपुटायला लागली. नसरीनने तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घातली. बीप नाही. पडदा उजळला.

डिस्क जोडली, कॉम्प्युटर पुरता चालू झाला. दाऊदभाईने थांबलेल्या टाक्यावर सुई आणली. पहिली पानं भरली. वेल नीट जुळली. कुठे जोड दिसला नाही, आणि मी जोड शोधायलाच बसले होते. पहिल्या खाचेतलं उरलेलं ग्रीस नसरीनने ओढणी झाल्यावर साफ केलं.

जाताना फरीदा तिला म्हणाली, "उद्या जेवायला ये."

"माफी मागितलीस काय गो?" मी विचारलं.

"बिर्याणीत घातलीय ती."

बाकी शिकायचं ते एवढंच, की उघडा डबा सोडून जायचं असेल तर वर फडकं टाकावं. आमच्या बाजूला उघडा धातू दिसला की कोणाचाही हात ग्रीसकडे जातो.